खांबापर्यंत

“हे काय माझ्यासाठी आणलं?” विमानाच्या दारात पुंजारामबाबांनी चाकाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “मी काय लंगडा हाय?”

मागे उतरणाऱ्यांची रांग खोळंबली होती. खुर्ची घेऊन आलेल्या रत्नमालाने वाद घातला नाही.

“तुमच्यासाठी नाय बाबा, पिशवीसाठी हाय,” ती म्हणाली. त्यांच्या हातातली कापडी पिशवी घेऊन तिने खुर्चीच्या मधोमध ठेवली. “तुम्ही चला पुढं. मी पिशवी आणते.”

पिशवी निघाली तसे पुंजारामबाबाही निघाले. बेंगळुरूला थोरल्या मुलाकडे महिनाभर राहून कन्नड तालुक्यातले हे शेतकरी पहिल्यांदाच एकटे परत येत होते. विमानाला लावलेला रॅम्प संपला आणि उन्हात तापलेलं सिमेंटचं पटांगण लागलं. अर्ध्या वाटेत ते थांबले. त्यांनी पिशवी उचलली, खुर्चीत बसले आणि ती मांडीवर घेतली.

“पिशवी पडंल म्हणून बसलो,” ते म्हणाले.

“व्हय. पडती कधी कधी.”

चिकलठाण्याच्या विमानतळावर बाहेर पडायच्या काचेच्या दाराअलीकडे एक जाड खांब आहे. घ्यायला आलेल्या लोकांना खांबाआडचं दिसत नाही. रत्नमालाने तिथे खुर्ची उभी केली आणि ब्रेक लावला.

“कोण आलंय घ्यायला?”

“धाकटा. नातू बी आसंल.”

“मंग उठा आता. टोपी सरळ करा.”

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग ते उठले, धोतराचा सोगा झटकला, टोपी सारखी केली आणि ताठ चालत दाराबाहेर गेले. “आप्पा, हिकडं,” अशी हाक आली.

रत्नमाला मात्र लगेच हलली नाही. खुर्चीच्या दोन्ही मुठींवर भार देऊन ती तशीच उभी राहिली. उजव्या गुडघ्यातली कळ ओसरली तेव्हा तिने ब्रेक काढला आणि रिकामी खुर्ची घेऊन आत वळली.

चकोर एअर या शहरात आली तेव्हा कंपनीचं एकच विमान यायचं, तेही रोज नाही. माणसं कमी, कामं जास्त. तिकीट पाहणारी मुलगीच धावत जाऊन विमानाच्या दारात उभी राहायची. रत्नमाला तेव्हा ठेकेदाराकडून विमानतळाची फरशी पुसायची. नवरा वाळूजच्या कंपनीत असताना वारला होता, मुलगी सुलेखा शाळेत होती. मुकुंदवाडीच्या घरातून ती पहाटे चालत यायची. गोंधळलेल्या म्हाताऱ्यांना ही बाई हाताला धरून नेते, हे चकोरच्या तेव्हाच्या मॅनेजरने पाहिलं आणि विचारलं, खुर्ची ढकलाल का? तिने पोछा ठेवला आणि खुर्ची धरली.

सुरुवातीला खुर्च्या बहुतेक वेळ भिंतीला लागून असायच्या. विमानात कारखानदार, वकील आणि अजिंठा-वेरूळला आलेले पाहुणे. पुढे चकोरने तिकिटं स्वस्त केली, मुंबईच्या जोडीला हैदराबाद आणि बेंगळुरू सुरू केलं, आणि प्रवासी बदलले. फुलंब्री, कन्नड, सिल्लोडची मुलं बाहेरगावी नोकरीला लागली होती. ती आता आई-वडिलांना तिकिटं पाठवू लागली. घरून जीप, जीपमधून रिक्षा, रिक्षातून विमान. तिकीट काढताना मुलं एका रकान्यात खूण करायची: चाकाची खुर्ची हवी. पाय अधू असतात म्हणून नव्हे. इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत, कुठल्या दाराने जायचं कळत नाही. खुर्ची मागितली की खुर्चीबरोबर एक माणूस मिळतो.

मुलांनी ही युक्ती आई-वडिलांना सांगितलेली नसायची. त्यामुळे खुर्ची समोर आली की धडधाकट माणूस चिडायचा. त्यावर रत्नमालाने पिशवीचा उपाय काढला. खांबही तिनेच ठरवला. खुर्चीतून येणारी आई दिसली की बाहेर उभ्या लेकरांचे चेहरे कसे होतात, हे तिने पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. आता चकोरची विमानं दिवसभर येतात-जातात आणि खुर्च्या कमी पडतात. रत्नमालाला हे काम आवडतं. सणाच्या दिवशीही ती कुरकुर न करता येते.

गुडघ्याचं दुखणं दोन वर्षांचं. एकटी चालली की पाय उजवीकडे लचकतो. खुर्ची ढकलताना मात्र अंगाचा भार मुठींवर जातो आणि चाल सरळ राहते. हे तिला एके दिवशी आपोआप कळलं आणि त्यानंतर ती कामावर खुर्चीशिवाय दिसेनाशी झाली. चहाला जाताना खुर्ची, पाण्याला जाताना खुर्ची. “रत्नाताईला खुर्चीचा लळा लागलाय,” असं पोरी हसायच्या. तीही हसायची.

दिवाळीनंतर चकोर मोठं विमान आणणार होती. स्टेशन मॅनेजर अभय कुलकर्णी याने सगळ्यांना बोलावून ते सांगितलं. तिशीतला, मृदू बोलणारा माणूस.

“नव्या पोरीही येतायत मदतीला. आणि एक छोटी गोष्ट. ठेकेदार सगळ्यांची शारीरिक तपासणी करणार आहे. बी.पी., डोळे, चालून दाखवायचं, वजन ढकलायचं. घाबरू नका, पद्धत असते.”

चालून दाखवायचं, हे दोन शब्द रत्नमाला घरी घेऊन गेली. चाल बघतील आणि खुर्ची काढून घेतील. परत पोछा तरी देतील का, तेही वाकून होणार नव्हतं.

त्याच आठवड्यात सुलेखाचा फोन आला. ती हैदराबादला औषधांच्या कंपनीत तपासणी विभागात आहे. तिने नवं घर घेतलं होतं आणि आईचं तिकीट काढलं होतं.

“चकोरचंच काढलंय. तुझ्याच विमानतळावरून बस.”

“रेल्वेनं आले असते की.”

“रात्रभर पाय लोंबकळत? आणि ऐक, मी खुर्ची टाकलीय तिकिटात.”

“कशाला?”

“फोनवर बोलता बोलता जिना चढतेस ना, तेव्हा प्रत्येक पायरीला ‘आई गं’ म्हणतेस. मला काय ऐकू येत नाही?”

“म्हणायची सवय हाय मला. ते काढून टाक, सुलेखा. तिथं सगळे वळखतात मला. खुर्ची ढकलनारी बाई खुर्चीत बसली म्हणून गावभर होईल. तपासणी तोंडावर आलीय.”

“बघते,” सुलेखा म्हणाली.

निघायचा दिवस आला. निळी इरकली साडी नेसून, डिंकाचे लाडू आणि मेथीची पुरचुंडी असलेली बॅग घेऊन रत्नमाला रिक्षाने विमानतळावर आली. तिने मनात वाट आखून ठेवली होती. दारापासून सुरक्षा तपासणीपर्यंत सामानाची ट्रॉली धरता येईल. तपासणीच्या पुढे ट्रॉली जात नाही. तिथून गेट आणि गेटपासून विमानापर्यंतचं पटांगण, एवढं मोकळ्या हाताने चालायचं होतं. घाई न करता, साडी सावरत गेलं की जमेल, असं तिने ठरवलं होतं.

दारावरचा जवान तिला रोज पाहायचा. आज त्याने ओळखपत्र मागितलं.

“आज आप पॅसेंजर हो,” तो गंभीरपणे म्हणाला, आणि मग हसला.

काउंटरवर दीपमाला होती. चकोरमध्ये लागून तिला वर्ष झालं होतं आणि खुर्चीच्या प्रवाशांशी कसं बोलायचं ते ती रत्नमालाकडूनच शिकली होती. पडद्याकडे पाहून ती थबकली.

“ताई, तुमच्या नावापुढं खुर्ची आहे.”

शेजारच्या काउंटरवरची मुलगी वळून पाहायला लागली. अभय मागेच उभा होता.

“लेकीनं चुकून टाकली आसंल,” रत्नमाला म्हणाली. “काढ ती.”

“चुकून कसं? खुर्चीच ताईला सोडायला तयार नाही,” शेजारची मुलगी म्हणाली आणि सगळे हसले.

“हैदराबादची राहू दे का?” दीपमालाने हळूच विचारलं. “तिकडचं विमानतळ लई मोठं आहे, ताई.”

रत्नमाला काही म्हणायच्या आत तिने बोर्डिंग पास छापून हातात दिला. इथली खुर्ची काढली की नाही, तिकडची ठेवली की नाही, ते कळलं नाही. अभय पुढे आला.

“ताई, इतकी वर्षं लोकांना पोचवलंत. आज मोकळ्या हातानं चाला जरा. मी येतो गेटपर्यंत सोबत.”

त्याच्या मनात कौतुकच होतं. रत्नमालाने ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला. तपासणीच्या तोंडाशी ट्रॉली सोडावी लागली. यंत्रातून बाहेर आलेली बॅग तिने खांद्याला लावली तर उजव्या पायावर भार येत होता, डाव्या हातात घेतली तर तोल जात होता. अभय दहा पावलांवर, वळून, तिची वाट पाहत उभा होता. ती जागची हलली नाही. बॅगेची चेन उघडून तिने उगाच आत पाहिलं आणि परत लावली.

“व्हा बाजूला.”

कडुबा होता. फुलंब्रीचा, रोज मोटारसायकलवर येणारा. चकोरच्या पहिल्या विमानात सामान चढवणाऱ्यांपैकी एक, आणि आता रत्नमालासारखाच खुर्ची ढकलणारा. त्याच्या पुढ्यात रिकामी खुर्ची होती. त्याने तिच्या हातातली बॅग काढून खुर्चीत ठेवली, मधोमध.

“रत्नाबाई, ही जरा इमानापस्तोर न्या. माझी कंबर धरलीय सकाळधरनं. तिकडं न्यायचीच हाय खुर्ची, दुसऱ्या इमानातनं उतरनारा एक बाबा हाय.”

“कडुबा, अहो त्या आज प्रवासी आहेत,” अभय म्हणाला.

“म्हणूनच म्हणलं साहेब. त्यान्ला तिकडं जायचंच हाय. मी रिकाम्या हातानं मागं येतो.”

“तुमचं काही खरं नाही,” अभय हसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाजूला गेला.

रत्नमालाने मुठी धरल्या. गेटमधून ती बाहेर पडली ती रोजच्यासारखीच, सरळ आणि बेताच्या वेगाने. पटांगणावर सामान चढवणाऱ्यांपैकी एकाने ओरडून विचारलं, “ताई, इरकल नेसून ड्युटी?” तिने हात वर केला नाही, मान हलवली. कडुबा शेजारून चालत होता. त्याची कंबर ठणठणीत दिसत होती.

रॅम्पच्या पायथ्याशी ती दम घ्यायला थांबली.

“कधीपासून माहीत हाय?” तिने विचारलं.

“पावसाळ्याच्या आधीपासनं.”

“कशावरनं?”

“रिकाम्या खुर्चीला येवढा भार कोन देतं, बाई? माझ्या बापानं काठी घ्यायची टाळली आन म्हशीच्या पाठीवर हात ठिवून हिंडला दोन वर्सं. मला चाल कळती.”

“मंग बोलला नाय ते?”

“तुम्ही इचारलं नाय.”

ती हसली. रॅम्प चढताना कडुबाने खुर्चीच्या बाजूला एक हात लावला होता. तो हात ओढतही नव्हता, ढकलतही नव्हता. वर दाराशी त्याने बॅग काढून तिच्या हातात दिली.

“तिकडं कोन वळखत नाय तुम्हाला,” तो म्हणाला. “येवढी दुनिया बसवली. एकदा बसून बघा की.”

“बघते,” ती म्हणाली. सुलेखासारखंच.

तिला खिडकीजवळची जागा मिळाली होती. हवाईसुंदरीने पट्टा लावायला मदत केली. पट्टा कसा लावतात हे रत्नमालाला शेकडो लोकांकडून ऐकून माहीत होतं, तरी तिने मदत घेतली. विमान वळलं तेव्हा पटांगण दिसलं. कडुबा एका म्हाताऱ्याला घेऊन इमारतीकडे चालला होता. म्हातारा पायी होता. खुर्चीत एक गोणपाटाची पिशवी होती.

मग सगळं खाली गेलं. मुकुंदवाडीची पत्र्याची घरं, एमआयडीसीची लांबट छपरं, जालन्याचा रस्ता. तिने आपलं घर शोधायचा प्रयत्न केला, सापडलं नाही. तिला वाईट वाटलं नाही. शेजारच्या प्रवाशाने दिलेलं संत्र्याचं लिमलेट तिने चघळलं आणि जिथे इतकी वर्षं माणसं पाठवली तिथे आपणही चाललो आहोत, या गोष्टीचं तिला हळूहळू बरं वाटू लागलं.

हैदराबादला विमानाच्या दारात एक बाई उभी होती, हातात तिच्या नावाचा कागद, पुढे खुर्ची. दीपमालाने इकडची ठेवली होती.

“अम्मा, बैठो.”

“मैं चलती. पाँव अच्छे हैं.”

बाईने वाद घातला नाही. तिने रत्नमालाच्या हातातली बॅग घेतली आणि खुर्चीत ठेवली.

“बॅग कू बिठाते पैले,” ती म्हणाली. “आप पीछे पीछे आओ.”

रत्नमालाला हसू आवरेना. ती भिंतीला हात लावून हसली. ही युक्ती आपल्या एकटीची आहे, असं ती इतकी वर्षं समजत होती. बाई चक्रावून पाहत राहिली. मग रत्नमालाने बॅग उचलली, खुर्चीत बसली आणि ती मांडीवर घेतली.

वाट संपता संपत नव्हती. अख्खा चिकलठाणा विमानतळ त्या एका बोळात बसला असता. इतकं चालणं आपल्याला जमलं नसतं, हे तिला पहिल्याच वळणावर कळलं. खाली बसल्यावर माणसांचे चेहरे दिसत नव्हते, कोपरं आणि पिशव्या दिसत होत्या. एका दारावरच्या माणसाने तिच्याबद्दलचा प्रश्न खुर्ची ढकलणाऱ्या बाईला विचारला. “कहाँ से आये ये?” उत्तर रत्नमालाने दिलं. तो दचकला. आपणही लोकांच्या डोक्यावरून असंच बोलतो का, असा विचार तिच्या मनात आला, बोलत असणारच. हातांना काय करावं ते सुचत नव्हतं. ते सारखे मुठी शोधत होते. शेवटी तिने ते बॅगेवर ठेवले. गुडघा मात्र शांत होता. सकाळपासून पहिल्यांदा त्याची आठवण झाली नव्हती, आणि आठवण झाली नव्हती हेही तिच्या उशिरा लक्षात आलं.

बाहेरच्या दाराजवळ एक मोठी कुंडी होती. तिच्याआड बाईने खुर्ची थांबवली आणि पायाने ब्रेक लावला.

“उतरते क्या, अम्मा? बाहर घरवाले रहते.”

रत्नमालाने एक पाय जमिनीवर ठेवलाही. पदर सारखा केला. कुंडीतल्या पानांतून बाहेरची गर्दी दिसत होती. कठड्याला रेलून सुलेखा उभी होती, पिवळा कुर्ता, चष्मा, टाचा उंचावून प्रत्येक येणाऱ्याकडे बघत. ती उभ्या माणसांच्या उंचीवर शोधत होती. खुर्चीकडे तिचं लक्ष नव्हतं. आई चालतच येणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

एकदा उठून दहा पावलं टाकायची होती. ती जमली असती. तिकडे पुढच्या महिन्यात तपासणीलाही दहाच पावलं जमवावी लागली असती, आणि त्यानंतर रोज.

रत्नमालाने जमिनीवरचा पाय उचलून परत खुर्चीच्या पायपट्टीवर ठेवला.

“नहीं. ऐसेच चलो.”

बाईने ब्रेक काढला. काचेचं दार सरकलं. सुलेखाने आधी वर पाहिलं, मग खाली. चेहरा तसाच झाला जसा बाहेर उभ्या लेकरांचा होतो. पण ती लगेच कठड्याला वळसा घालून धावत आली.

“बसलीस,” ती म्हणाली. एवढंच.

“लई लांब हाय गं तुमचं विमानतळ.”

सुलेखा हसली, तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. खुर्ची ढकलणाऱ्या बाईने गाड्या थांबतात त्या रस्त्याअलीकडे खुर्ची उभी केली, सवयीने ब्रेक लावला आणि विचारलं, “गाडी किधर, बेटा?”

“ती पांढरी. द्या, तिथवर मी नेते.” बाई बाजूला झाली.

“उद्या दवाखान्यात नंबर लावलाय,” सुलेखा मागून म्हणाली. “हाडांचे डॉक्टर आहेत. रागावू नकोस.”

“नाय रागवत.”

“आणि तिकडची तपासणी?”

“चालून दाखवीन. जसं चालता येतं तसं. अभयसरान्ला आधीच सांगीन फोन करून. नव्या पोरी येऊन ऱ्हायल्या, त्यान्ला पिशवी कशी बसवायची ते तरी कोन शिकवनार?” तिने थोडा विचार केला. “नाय म्हणाले तर नाय म्हणतील.”

सुलेखाने वाकून दोन्ही मुठी धरल्या. हात फार जवळजवळ धरले होते, आणि खूप घट्ट. तिने जोर लावला. खुर्ची हलली नाही. तिने पुन्हा लावला.

“जाम आहे का गं ही?”

रत्नमालाने मागे वळून पाहिलं नाही. तिचा हात चाकाच्या बाजूला खाली गेला, न बघता, आणि तिने ब्रेक काढला.